थोरला गोरक्ष

पंचवटीच्या भाजीबाजारात गोटीरामची ओळख करून द्यायची वेळ कधी कोणावर आली नाही. संध्याकाळी पालेभाज्यांचे टेम्पो लागले, कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांचे ढीग ओट्यावर उतरले, की तो एका पालथ्या क्रेटवर चढायचा, डोक्यावरची टोपी सारखी करायचा आणि पुकारा सुरू करायचा. शंभर जुड्यांचा भाव तो असा काही ठणठणीत सांगायचा की शेजारच्या ओट्यावरचा टोमॅटोवाला स्वतःचा भाव विसरायचा. आडत्याने एकदा मोठ्या हौसेने हातात धरायचा भोंगा आणून दिला होता. गोटीरामने तो उलटसुलट करून पाहिला, पालथा घातला आणि त्यावर आपला चहाचा ग्लास ठेवला. पुढे तो भोंगा त्याच कामाला राहिला.

लिलाव सोडण्याची त्याची रीत ठरलेली होती. शेवटच्या बोलीवर तो थांबायचा, सगळ्यांवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, एक, दोन, तीन. तीन म्हटलं की माल गेला. त्यानंतर मागून कोणी दुप्पट भाव ओरडला तरी गोटीराम मान वळवायचा नाही. दुसरीकडे थोडंफार मागेपुढे चालायचं, ओळखीपाळखी चालायच्या, इथे नाही. त्यामुळे शेतकरी आणि व्यापारी दोघेही त्याला टरकून असायचे आणि दोघेही त्याच्यावर विसंबायचे. गोटीरामला या गोष्टीचा अभिमान होता. जरा जास्तच होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

घरी मात्र हा माणूस जवळजवळ मुका. मखमलाबादला त्याचं घर आणि घरामागे मेथी-पालकाचे चार वाफे. संध्याकाळच्या लिलावासाठी घसा राखायचा म्हणून दिवसभर गालात ज्येष्ठमधाची कांडी असायची आणि बोलणं सगळं खुणांनी चालायचं. एक बोट म्हणजे चहा, चिमूट म्हणजे मीठ, हात गरगर फिरवला म्हणजे पंखा लाव. त्याची बायको मालनबाई म्हणायची की यांचा आवाज बाजाराने ठेवून घेतलाय, घरी नुसती टोपी येते.

टोपीबरोबर पूर्वी आणखी एक जण यायचा, तो म्हणजे मुलगा महेश. तो बापाच्या शेजारी उभा राहून कोणाचा माल कोणी घेतला याच्या चिठ्ठ्या फाडायचा. आता यायचा नाही. त्याला दोन वर्षं होत आली होती.

झालं होतं ते असं. दिंडोरीकडून शकुबाई नावाची एक म्हातारी कोथिंबीर घेऊन आली होती. माल चांगला, पण पावसाने भिजलेला, त्यामुळे बोली चढेना. गोटीरामने एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तीन म्हणता म्हणता मागच्या बाजूला कोंडाजी व्यापाऱ्याचा हात वर गेला. कोंडाजी नेहमी चढा भाव देणारा माणूस. महेशने भर बाजारात म्हटलं की आबा, कोंडाजीनानांचा हात आधी वर झालाय, मागं घ्या. गोटीरामने काही मागे घेतलं नाही. म्हातारीचा माल पडेल भावात गेला आणि ती बिचारी रिकामी पोती घडी करून टेम्पोत जाऊन बसली. घरी आल्यावर महेशने विषय पुन्हा काढला. गोटीराम म्हणाला, मला हात दिसला नाही. महेश म्हणाला, तुम्हाला दिसला होता. शब्दाला शब्द लागत गेला. एरवी खुणांनी बोलणारा गोटीराम शेवटी तोंडाने बोलला, आणि जे बोलला ते एखादा पुकारा करणाराच बोलू शकतो.

"पटत नसंल तर या घरातनं नीघ. एक." मग थांबला. "दोन." मग पुन्हा थांबला, सगळ्यांवरून नजर फिरवली. "तीन."

आवाज अजिबात चढवला नव्हता. महेशने आईकडे एकदा पाहिलं, चार कपडे पिशवीत कोंबले आणि गेला. आता अंबडला एका कारखान्यात कामाला होता, सिडकोत खोली घेऊन राहत होता. गोटीराम बाजारात असला की कधीमधी आईला भेटून जायचा. गोटीरामला ते कळायचं. रात्रीच्या भाकऱ्या मोजक्या उरलेल्या असायच्या आणि मालनबाईचा चेहरा जरा उजळलेला असायचा. तो काही विचारायचा नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. तीन म्हणून झालं होतं.

आता त्याच्या मुलीकडे, प्रतिभाकडे येऊ. ती दिवसा कॉलेज रोडच्या एका ऑफिसात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर ऐकायचं नाटक करायची. म्हणजे ती लिहायची आणि विहंग नावाचा तिचा कॉलेजातला मित्र ते रेकॉर्ड करून लॅपटॉपवर जोडायचा. नाटक शंभर वर्षांनंतरच्या नाशिकमधलं. गोदावरी आटलेली, पाणी सगळं जमिनीखालच्या तळ्यांत, आणि तळ्यांना कुलपं. गोरक्ष नावाचा एक तरुण ती कुलपं फोडून लोकांना पाणी वाटतो. एका जुन्या धरणाच्या भुयारात त्याला पुढच्या काळात जायची वाट सापडते. आपल्या लोकांचं पुढे बरं झालं की नाही ते पाहायला तो तीस वर्षं पुढे जातो. बघतो तर कुलपं पुन्हा लागलेली, लोक पुन्हा तहानलेले, आणि किल्ल्या कंबरेला लावून बसलेला माणूस म्हणजे तो स्वतःच. नाटकात या दोघांना धाकटा गोरक्ष आणि थोरला गोरक्ष म्हणायचं असं प्रतिभाने ठरवलं होतं.

हे सगळं त्यांच्या घराच्या मधल्या खोलीतच चालायचं, कारण शहरात हॉर्न फार. खोलीच्या चारी भिंतींना मालनबाईच्या गोधड्या टांगलेल्या असत. पंखा बंद, कुकर बंद, शेजारच्यांची शेळी लांब नेऊन बांधलेली. काळाच्या भुयाराचा आवाज म्हणून घरच्याच मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवलं होतं, आणि विहंगच्या मते तो आवाज परदेशातसुद्धा कोणाला जमला नसता. उरलेल्या खोबऱ्याची मालनबाईने चटणी केली.

थोरल्या गोरक्षाचा आवाज मात्र कुठे मिळेना. नाटकांतून कामं करणारे एक गृहस्थ आणले, तर ते प्रत्येक वाक्याआधी दुष्टासारखे खाकरायचे. त्यांना चहा पाजून निरोप दिल्यावर प्रतिभा ओसरीवर आली आणि ज्येष्ठमध चघळत बसलेल्या बापाला तिने विचारलं की तुम्ही कराल का.

गोटीरामने हाताने नाही म्हणून खूण केली. पण कान सावध झाले होते. नाटकात आपला आवाज, गावोगावच्या मोबाइलांत आपला आवाज, हा विचार काही वाईट नव्हता. जेवताना त्याने आपणहून विचारलं की माणूस कसा आहे तो, राजा आहे का. राजाच समजा, असं प्रतिभा म्हणाली. नाचायबिचायचं नाही ना, एवढी खात्री करून घेऊन तो तयार झाला.

पहिल्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून माइकपुढे उभा राहिला आणि पहिलं वाक्य म्हणाला. विहंगने कानावरचे हेडफोन झटकन काढले. लॅपटॉपवर जे काही लाल व्हायचं असतं ते सगळं लाल झालं होतं, आणि लांब बांधलेली शेळी ओरडायला लागली होती. गोटीराम खूश होऊन बघत होता. प्रतिभाने त्याला बाजूला घेतलं. हा माणूस ओरडत नाही, तिने समजावलं. त्याला आता ओरडायची गरजच उरलेली नाही, सगळे आधीच गप्प बसलेत.

गोटीरामला ते पटलं. त्याने टोपी काढून ठेवली, माइकच्या जवळ सरकला आणि तेच वाक्य हळू आवाजात म्हटलं. "पाणी आहे. पण ते माझ्या शब्दावर आहे." मालनबाई चहाचे कप घेऊन येत होती, ती उंबऱ्यावरच थांबली. हा आवाज तिने याआधी एकदाच, याच घरात ऐकला होता. तिने कप ठेवले आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर गोटीरामला नाटकाचा नादच लागला. सकाळी वाफ्यांत पाणी सोडताना तो थोरल्या गोरक्षाची वाक्यं पुटपुटत असायचा. बाजारात लोकांना सांगायचा की मी सध्या शंभर वर्षं पुढे आहे, सांभाळून बोला. रेकॉर्डिंगला समोर धाकटा गोरक्ष कोणी नसायचा. त्याची वाक्यं विहंग बातम्या वाचल्यासारखी वाचून दाखवायचा आणि गोटीराम उत्तरं द्यायचा. धाकट्याचं काम करणारा पोरगा नोकरीवाला आहे, त्याला वेळ मिळेल तेव्हा त्याचं वेगळं रेकॉर्ड करतो आणि मग दोन्ही जोडतो, असं प्रतिभाने सांगितलं होतं. जोडता येतं म्हटल्यावर गोटीरामने पुढे काही विचारलं नाही.

थोरल्या गोरक्षाबद्दल मात्र त्याचं मुलीशी भांडण व्हायचं. प्रतिभाने त्याला खलनायक केलंय हे त्याला मान्य नव्हतं.

"हा मानूस वाईट नाय," तो म्हणायचा. "नियमाचा हाय."

"हो आबा," प्रतिभा म्हणायची. "तसाच लिहिलाय."

एका भागात थोरल्याच्या तोंडी वाक्य होतं की मी एकदा शब्द फिरवला तर उद्या माझ्या शब्दावर कोण थांबेल. गोटीरामने ते दोनदा वाचलं आणि सगळ्या नाटकात हे एकच वाक्य अक्कलहुशारीचं आहे असं जाहीर केलं. हे वाक्य तो स्वतः गेली तीस वर्षं बाजारात ऐकवत आला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. स्वयंपाकघरात मालनबाईला ठसका लागला.

चार भाग तयार झाले तेव्हा बाजाराला सुट्टी असलेल्या एका दुपारी प्रतिभाने ते घरी ऐकवायचं ठरवलं. ओसरीवर छोटा स्पीकर ठेवला. मालनबाई सुपात लसूण घेऊन सोलायला बसली. विहंग पायरीवर बसला. गोटीराम खाटेवर मांडी घालून, डोळे मिटून, भजनाला बसल्यासारखा बसला.

भुयाराचा आवाज आला. पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मग धाकटा गोरक्ष बोलायला लागला आणि गोटीरामने डोळे उघडले. तो आवाज त्याचा स्वतःचा होता. पंचविशीतला, अजून बाजाराने न खरवडलेला. क्रेटवर पहिल्यांदा चढला तेव्हा त्याचा आवाज असाच होता. शब्द ओढून मग सोडायची लकबही तीच. त्याला वाटलं, कम्प्युटरने आपलाच आवाज घेऊन तरुण केला असणार, हल्ली काय वाट्टेल ते करतात. त्याने विहंगकडे बघून मान डोलावली, म्हणजे कमाल केलीस पोरा. विहंगने खाली पाहिलं. गोटीराम पुन्हा डोळे मिटून ऐकायला लागला, आणि खरं सांगायचं तर सुखावला. तरुणपणीचा आपला आवाज पुन्हा ऐकायला मिळणं, हे किती जणांच्या नशिबात असतं.

धाकटा गोरक्ष म्हणाला, "सगळ्यांसाठी साठवलं होतंस ना? सांग ना, सगळ्यांसाठीच ना?" त्यातल्या प्रत्येक सकाराबरोबर एक बारीक शिट्टी वाजली.

गोटीरामचे दात अजूनही शाबूत होते. शिट्टी महेशची होती. लहानपणी तो चालत्या टेम्पोच्या फळीवरून पडला होता आणि पुढचा दात अर्धा तुटला होता. गोटीरामच त्याला उचलून दवाखान्यात घेऊन पळाला होता. दात बसवून घे म्हणून पुढे किती वेळा सांगितलं, पोराने ऐकलं नाही.

स्पीकरमधून थोरला गोरक्ष उत्तर देत होता. धाकटा विचारत होता. दोन वर्षं जे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते ते बापलेक ओसरीवर सगळ्यांदेखत बोलत होते, भांडत होते, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा बोलत होता. मालनबाईचे हात सुपात थांबले होते. गोटीराम उठला आणि घरामागे वाफ्यांकडे गेला.

तिथे तो बराच वेळ मेथीतलं गवत उपटत बसला. गवत फारसं नव्हतंच. कान मात्र ओसरीकडे लागले होते, कारण नाटक अजून चालू होतं आणि दोन्ही आवाज वाफ्यापर्यंत येत होते. थोरला गोरक्ष त्याला पहिल्यांदाच बाहेरून ऐकू येत होता. इतके दिवस तो आतून बोलत होता आणि आतून सगळं बरोबर वाटत होतं. आता लांबून ऐकताना वाटलं की हा माणूस एकटा आहे, आणि याला कोणीतरी गप्प करायला हवं. आणि मग, उगाच आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, त्याला कोंडाजीचा हात आठवला. विसरला कधी नव्हताच. त्याने तो हात पाहिला होता. तीन हा शब्द तोंडातून निम्मा बाहेर पडला होता आणि हात निम्मा वर आला होता. मनात आणलं असतं तर थांबता आलं असतं. सगळा बाजार बघत होता, पोरगा सगळ्यांदेखत चूक दाखवत होता, म्हणून तो थांबला नव्हता.

जेवताना त्याने जाहीर केलं की आता मी नाटकात नाही.

प्रतिभाला हे अपेक्षित होतं. ती म्हणाली की शेवटचा एकच भाग राहिलाय, दोघं समोरासमोर येतात तो. तुकडे जोडून तो होत नाही, आम्ही करून पाहिलं. दोघं एका खोलीत लागतील. दादा यायला तयार आहे, पण माझ्या बोलावण्यावर नाही येणार. तुम्ही या म्हणालात तरच येईल.

गोटीराम भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. मग म्हणाला की मी तीन म्हटलेलं आहे, ते साऱ्यांना माहीत आहे.

आतापर्यंत या विषयावर एक शब्दही न बोललेल्या मालनबाईने कालवणाची वाटी खाली ठेवली.

"तीन तुमी बाजारात म्हनता तवा समोर घेनारा असतो," ती म्हणाली. "माझ्या पोरावर कोनी बोली लावली व्हती? कोनाच्या पदरात टाकला तुमी त्याला?"

तिने त्याच्या ताटात कालवण वाढलं.

"बोली नाय लागली तर माल कुठं जातो? तुमीच सांगा."

बोली न लागलेला माल ज्याचा त्याने घरी न्यायचा, हा बाजाराचा साधा नियम. रोज दोन-चार ढीग असे राहायचे आणि गोटीराम स्वतः सांगायचा की घेऊन जा परत, उद्या आणा. तीस वर्षं नियमावर उभा राहिलेला माणूस नियमातच सापडला. त्याने भाकरी संपवली, हात धुतले, पाणी प्यायला आणि प्रतिभाला म्हणाला, "रविवारी ये म्हनावं. मीच म्हनलो म्हनून सांग."

रविवारी महेश दुपारी आला. गोटीरामने त्याला दोन वर्षांनी पाहिलं. पोरगा भरला होता, दाढी ठेवली होती. दारात चपला काढताना त्याने वर पाहिलं नाही आणि गोटीरामनेही काही विचारलं नाही. विहंगने घाईघाईने दोघांच्या हातात कागद दिले, त्यामुळे दोघांचीही सुटका झाली. मधोमध माइक, एका बाजूला बाप, एका बाजूला लेक, भोवती गोधड्या. मालनबाई उंबऱ्यात बसली. बांगड्यांचा आवाज व्हायला नको म्हणून तिने मनगटाला रुमाल गुंडाळला होता.

पहिली काही वाक्यं दोघांनी कागदाकडे बघून वाचली. विहंगने काही न बोलता हाताने चालू द्या म्हणून खूण केली. प्रतिभा लॅपटॉपच्या मागे उभी राहून नखं खात होती. हळूहळू वाचन सुटलं आणि बोलणं आलं. ते यायचंच होतं. त्या दोघांना हे भांडण पाठ होतं.

"दार उघड," महेश म्हणाला. "बाहेर लोक वाट बघतायत."

"ज्या दिवशी कुलूप लावलं त्या दिवशीच ठरलं."

"ठरवलेलं चुकीचं असेल तर?"

"तरी ठरलं."

महेशने कागद खाली केला. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. त्याने पहिल्यांदाच बापाच्या तोंडाकडे पाहिलं. "मी तुझ्यासारखा होणार नाही," तो म्हणाला. सकाराबरोबर ती बारीक शिट्टी वाजली.

थोरल्या गोरक्षाचं उत्तर कागदावर लिहिलेलं होतं. होशील, मीही हेच म्हणालो होतो. त्यानंतर धाकटा म्हणणार होता की मग तू इथेच संप, आणि भुयार कोसळून थोरला नाहीसा होणार होता. गोटीरामला सगळं तोंडपाठ होतं. आधी नुसतं होशील एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि तो शब्द काही बाहेर येईना. आपल्या पोराला उद्देशून तो शब्द उच्चारायची त्याला भीती वाटली. खरा झाला तर काय घ्या.



"हात दिसला होता मला," गोटीराम म्हणाला.

विहंग कागदावर हे वाक्य शोधायला लागला. प्रतिभाने त्याचं मनगट दाबून धरलं.

"कोंडाजीचा हात. दिसला होता. सगळी बघत होती म्हनून मागं घेतलं नाय. म्हातारीचं नुकसान केलं, आन तू खरं बोललास तर तुलाच घालवलं." एवढं बोलून तो दमला. हा बाजारातला आवाज नव्हता आणि थोरल्या गोरक्षाचाही नव्हता. चिरका, कोरडा, कुठेतरी अडकणारा असा तो होता आणि घरातल्या कोणीच तो आधी ऐकलेला नव्हता. "मी चुकलो. नको होऊ माझ्यासारखा."

मग तू इथेच संप, हे महेशचं पुढचं वाक्य होतं. उंबऱ्यात मालनबाईने पदर तोंडाशी नेला. महेशने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मग घरी चला, आबा," तो म्हणाला.

गोटीराम आपल्याच घरात उभा होता. भोवती बायकोने शिवलेल्या गोधड्या होत्या, मागच्या दाराबाहेर त्याची मेथी होती, खुंटीला त्याची टोपी होती. तरी त्याला वाटलं की आपण खरंच फार दिवस कुठेतरी लांब होतो आणि आपल्याला न्यायला कोणी येईल ही आशा आपण केव्हाच सोडून दिली होती. त्याने डोळे पुसले आणि पोराचा हात धरला.

"चल," तो म्हणाला.